दोन घरांची सायकल

गुरुवार, २ जानेवारी २०२५

कोर्टाच्या कौन्सेलर बाई म्हणाल्या, "परब, तुम्ही बोलत नाही, तर निदान लिहा." म्हणून ही वही. कंपनीची आहे, पुठ्ठ्यावर आमच्या व्हॉल्व्हचं चित्र. सोळा वर्षं मी तपासणी खात्यात अहवाल लिहितोय. माल, नग, दोष, शेरा. स्वतःबद्दल लिहायची सवय नाही, पण बघू.

आधी वस्तुस्थिती. मी सुबोध परब, वय एकेचाळीस. मुलुंड पूर्वेला भाड्याने एक खोली आणि स्वयंपाकघर. उत्तरा, कागदावर अजून माझी बायको, घाटकोपरला तिच्या वडिलांच्या घरी. मुलगी प्रांजल, येत्या तेवीस फेब्रुवारीला दहा पूर्ण. ऑक्टोबरपासून ती गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ माझ्याकडे असते, उरलेले दिवस आईकडे. हे करून बघण्यापुरतं. चार मार्चला कोर्टात पक्क्या अटी लिहून द्यायच्या आहेत. उत्तराचं म्हणणं, पोरीची ओढाताण होते, तिने घाटकोपरलाच राहावं आणि मी रविवारी भेटावं. माझं म्हणणं, अर्धं म्हणजे अर्धं. माझी मुलगी आहे, पाहुणी नाही.

प्रांजलने वाढदिवसाला सायकल मागितली आहे. उत्तराने लगेच मेसेज केला, "ठेवणार कुठे? तुझ्याकडे की माझ्याकडे?" तिला वाटलं मी अडकलो. पण बाजारात घडीची सायकल मिळते. मिटवली की रिक्षात सीटच्या मागे मावते. तीन दिवस इथे, चार दिवस तिथे. सायकल दोन घरांत राहू शकते, तर पोरगी का नाही? हा मुद्दा मी चार मार्चला मांडणार आहे.

आज शाळेतून आणलं तेव्हा प्रांजल पोट दुखतंय म्हणाली. ओवा दिला. उत्तरा डब्यात काय देते देव जाणे. झोपताना बॅग नेहमीसारखी दाराशी ठेवली. कपडे त्यातूनच काढते, धुतलेले त्यातच भरते. तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. नीटनेटकेपणात माझ्यावर गेली आहे.

रविवार, ५ जानेवारी

प्रांजलला सोडून येताना दोन दुकानं पाहिली. विक्रेता म्हणाला, "काका, ही घ्या, वीस इंची चाक, सात गियर, झकास पीस!" काका म्हणाला म्हणून अर्धी इच्छा तिथेच मेली.

चौदा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत आहेत. त्यावरच्या परदेशी, त्यांची किंमत आमच्या लग्नाच्या हॉलपेक्षा जास्त, आणि त्या हॉलचं काय झालं ते दिसतंच आहे. चौदावाली साडेपंधरा किलोची, बेचाळीसवाली अकरा किलोची. म्हणजे साडेचार किलो कमी करायचे अठ्ठावीस हजार. ऐकायला मूर्खपणा वाटतो, पण उत्तराचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रांजलचं स्वतःचं वजन सत्तावीस किलो. सायकल घेऊन जिन्याची चढउतार तिलाच करायची आहे. तेव्हा पैशाकडे बघून चालणार नाही.

शिवाय सीट वरखाली होते. आज दहाव्या वर्षी घेतली की कॉलेजपर्यंत पुरेल. साधी सायकल दोन वर्षांत लहान पडते. या हिशेबाने बेचाळीससुद्धा महाग नाही. अजून दोन ठिकाणी बघतो.

शनिवार, ११ जानेवारी

आज वजनाची चाचणी घेतली. पिशवीत अकरा किलो तांदूळ भरला आणि प्रांजलला आमचा जिना चढायला सांगितलं. दोन मजले चढली. तिसऱ्याच्या वळणावर पायरीवर बसली. घामाघूम.

"बाबा, सायकल आपल्याला नेते ना?"

"हो, मग?"

"काही नाही."

मग उठली आणि उरलेला जिना चढली. शेरा: अकरा किलो चालेल, एक विश्रांती धरून.

सोमवार, १३ जानेवारी

कंपनीच्या मागच्या गल्लीत, भांडुपला, दादूचं सायकलचं दुकान आहे. दादू मालवणचा. माझे वडील सीताराम परब गिरणीत होते, त्यांच्याच खात्यात हा पोरसवदा असताना लागला होता. गिरणी बंद पडल्यावर पंक्चर काढायला बसला, तो अजून बसलेला आहे. मी माझा तक्ता त्याला दाखवला. चार सायकली, अकरा रकाने.

दादूने चष्मा कपाळावर सरकवला. "ही सायकल न्हय रे, ही छत्री आसा. उघडूची नि मिटूची."

मी म्हटलं, माझी काळजी वेगळी आहे, बिजागरीची. धातू कुठलाही असो, जिथे रोज घडी पडते तिथेच पहिली भेग जाते. सोळा वर्षांत एक अपवाद पाहिलेला नाही. भेग आधी रंगाखाली असते. वरून सगळं चकाचक. आपल्याला दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

"मगे इतक्या ठावक आसा, तर मिटतंस कित्याक?"

"दोन घरं आहेत, दादू."

त्याने पाना उचलला. कुणाच्या तरी चाकाचे आरे आवळत बसला. म्हाताऱ्यांना नवीन वस्तूंचं कौतुक नसतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

शाळेचा कसला तरी फॉर्म होता. प्रांजलने विचारलं, "पत्ता कुठला लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिही. ती म्हणाली, एकच ओळ आहे. मी म्हटलं, बारीक लिही. तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि एका ओळीत दोन्ही घरं बसवली. मुलुंडचा पिनकोडसुद्धा. इतकं बारीक अक्षर की भिंग लागेल. मी फॉर्मचा फोटो काढून उत्तराला पाठवला. अवघड काही नसतं, मनावर घ्यावं लागतं.



शनिवार, २५ जानेवारी

प्रांजलला बेचाळीसवाली दाखवायला नेलं. विक्रेत्याने घडी कशी घालायची ते एकदा करून दाखवलं. मधला खटका, हँडलचा खटका, सीट खाली, पेडल आत. मग प्रांजलने केलं. मी मोबाइलवर वेळ लावली. बावीस सेकंद! विक्रेत्याला स्वतःला तीस लागले होते. तो म्हणाला, "बेबी एकदम एक्स्पर्ट आहे, हां." मला इतका अभिमान वाटला की तिथेच आइस्क्रीम घेऊन दिलं.

आइस्क्रीम खाताना म्हणाली, "हिला कॅरियर नाही. नमिताला मागे कशी बसवणार?" नमिता म्हणजे तिची घाटकोपरच्या इमारतीतली मैत्रीण. मी सांगितलं, कॅरियर लावला तर वजन दीड किलो वाढतं आणि घडी नीट बसत नाही.

"बरं," म्हणाली.

हल्ली कशालाही बरं म्हणते. आधी केवढा हट्ट करायची. मोठी होते आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

उत्तराचा फोन. अटींबद्दल बोलायचं होतं. "तिला एकदा तरी विचारूया, सुबोध." मी म्हटलं, दहा वर्षांच्या मुलीला कोर्टाच्या भानगडीत ओढायचं नाही.  मी घडीच्या सायकलीबद्दल सांगितलं, वजन, गियर, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू बदलणार नाहीस रे." भांडण नव्हतं तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ कामात लक्ष लागलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फ्रिज घ्यायचा होता, तेव्हाही मी पाच महिने तक्ते करत होतो. उन्हाळा तसाच गेला. ती आठवण तिने आज काढली नाही, मीच काढली.

रविवार, २ फेब्रुवारी

नशीब! आमच्या खात्यातल्या निलेशकडे बेचाळीसवाल्याच जातीची सायकल निघाली. दोन वर्षांत चार वेळा चालवली असेल, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. आठवडाभर मागून आणली. विकत घेण्याआधी प्रत्यक्ष वापराची चाचणी.

संध्याकाळी प्रांजल, तिची बॅग आणि घडी घातलेली सायकल, सगळं एका रिक्षात. सीटच्या मागे बरोबर मावली. रिक्षावाला म्हणाला, "क्या चीज़ है साहब." घाटकोपरला तिने ती स्वतः उचलून वर नेली. मी फाटकातून पाहत होतो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत होती, पण नेली. खाली खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत राहिली.

निघताना मागच्या चाकाच्या टायरवर आडवी खडूची रेघ मारून ठेवली होती, प्रांजलला न सांगता. किती चालली ते रेघेवरून कळेल. कामाची सवय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रेघ जशीच्या तशी आहे.

चार दिवस. सायकल एक इंचही चालली नाही. मी रागावलो नाही. कारण शोधायचं होतं, म्हणून शांतपणे विचारलं.

"खाली नाही नेलीस?"

"नेली सोमवारी. खाली न्यायची, मग उघडायची, मग सीट वर करायची. तोपर्यंत सगळे पुढे जातात बाबा. मग परत मिटवून वर न्यायची असते. दिवे लागले की आजोबा हाक मारतात."

"पण बावीस सेकंदांत घडी घालतेस तू!"

"हो, घालते ना."

मग म्हणाली, पोरांनी तिला पाच वेळा घडी घालून दाखवायला लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते आपापल्या सायकलींवरून निघून गेले आणि ती सायकल धरून उभी राहिली.

दोष: वापराला वेळ लागतो. उपाय: सुचत नाही. पोट दुखतंय म्हणून न जेवता झोपली. गुरुवारी हे ठरलेलंच झालंय. उत्तराला या डब्याबद्दल एकदा सुनवायला हवं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

निलेशची सायकल परत करायच्या आधी बिजागरीला तेल घालावं म्हणून दादूकडे गेलो. खडूच्या रेघेची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"चेडवाक इचारलंस?"

"काय विचारायचं?"

"तिका काय होया ता."

मी म्हटलं, तिला सायकल हवी आहे, तिनेच मागितली आहे.

"अरे, खयची ता इचारलंस काय? अकरा रकाने मारलंस. तुझो बापूस माका इचारी, दादू, जेवलंस काय? वजन नाय करी माझा."

चेडू म्हणजे मुलगी, खयची म्हणजे कुठली, हे मला कळतं. पण घरी येऊन तक्ता पुन्हा काढला. वजन, गियर, चाक, बिजागरी, घडीचा वेळ, रिक्षात मावणे, जिना, हमी, सुटे भाग, किंमत, पुनर्विक्री. अकरा. तिच्या आवडीचा रकाना नाही. मला खरंच सुचला नव्हता. उद्या विचारतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी घावणे केले होते. आईच्या पद्धतीचे, नारळाच्या रसात. विचारायला गेलो की प्रांजलचा हात थांबायचा आणि मीही थांबायचो, असं दोनदा झालं. शेवटी विचारलं.

"पंजू, तुला कशी सायकल हवी?"

"तू घेशील ती."

"तसं नाही. तुझ्या मनात कशी आहे?"

"रागावणार नाहीस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती ताटात बघत म्हणाली, "घडीची नको. साधी. जिन्याखाली उभी असते ना, तशी. एका जागी राहणारी."

"कुठल्या जागी?"

 घावण्याचा एकच तुकडा रसात बुडवत राहिली, पार विरघळेपर्यंत. "कुठेपण चालेल. तू सांग. पण एकाच ठिकाणी."

रागावणार नाही म्हणालो होतो, म्हणून रागावलो नाही. ताटं घासली. संध्याकाळी तिला सोडलं आणि घरी पोचल्याबरोबर उत्तराला फोन लावला. जे तोंडाला येईल ते बोललो. पोरीला पढवतेस, तिच्या तोंडातून तुझे शब्द बाहेर काढतेस, कोर्टात मीही बघून घेईन. उत्तराने सगळं ऐकलं.

"मी काही पढवलं नाही रे. मला तर तिने एवढंही सांगितलं नाही. मी विचारलं तर बरं म्हणते. तुला सांगितलं ना? मग नशीब समज."

 मग मी उगाच डब्याचा विषय काढला. म्हटलं, दर गुरुवारी तिचं पोट दुखतं, काय देतेस तिला?

 मग म्हणाली, "गुरुवारी? इथे रविवारी दुखतं. तुझ्याकडून आली की जेवत नाही. मला वाटलं तू बाहेरचं खायला घालतोस."

बुधवार, १२ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून उत्तराला भेटलो, ती काम करते त्या बँकेजवळच्या उडप्याकडे. तिने मोबाइलमधलं कॅलेंडर काढलं, मी ही वही; वहीआधीचं आठवून सांगितलं. तारखा जुळवल्या. ऑक्टोबरपासून एकोणीस गुरुवार आणि एकोणीसच रविवार. त्यांतले निम्म्याहून जास्त दुखण्याचे. मंगळवार एकही नाही, शनिवार एकही नाही. उत्तराने जानेवारीत सोनोग्राफीही करून घेतली होती, मला कळवलं नव्हतं. त्यात काही निघालं नाही. निघणार काय?

पाच महिने मी तिच्या डब्याला नावं ठेवली आणि तिने माझ्या हातच्या जेवणाला. आमच्या दोघांच्या मध्ये एक पोर पोट धरून रिक्षात बसत होती. हा सगळा तक्ता आम्ही एका टेबलावर बसून केला. अलीकडच्या वर्षांत एकत्र केलेलं एवढंच एक काम नीट झालं असेल. उत्तरा रडली. मी डोसा मागवला आणि खाल्ला नाही.

निघताना तिने विचारलं, "मग?" मी म्हटलं, दोन दिवस दे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आधी वाटलं, मीच घाटकोपरला जातो. दोन एजंटांना भेटलो. तिथल्या खोलीचं भाडं देऊन मला जेवायला काही उरणार नाही, आणि आईला गावी पैसे पाठवतो तेही बंद होईल. तो मार्ग संपला.

मग वाटलं, एकाच ठिकाणी, तर मुलुंड का नको? तिने कुठेपण म्हटलं आहे. मी ठाम राहिलो तर ती बरं म्हणेल. खात्री आहे मला.

पण तिची शाळा तिथे. नमिता तिथे. आजोबा तिथे, दिवे लागले की हाक मारणारे. माझ्या इमारतीतल्या एकाही मुलाचं नाव तिने पाच महिन्यांत घेतलेलं नाही. मी घरी येतो सात वाजता. कपाटाचे दोन कप्पे का रिकामे राहिले ते आता लख्ख दिसतं. नीटनेटकेपणा कसला, ती पाच महिने निघायच्या तयारीतच होती. आणि मला कौतुक वाटत होतं.

पुरावा समोर असताना शेरा खोटा लिहिता येत नाही. लिहितो. घाटकोपर.

प्रांजल खोलीत झोपली होती; स्वयंपाकघरात बसून लिहिलं आणि रडलो. शेजारच्या सोनूबाईंनी दार वाजवून विचारलं, "काय झालं हो परब?" मी म्हटलं, कांदा चिरतोय. त्या म्हणाल्या, "एवढा?" आणि वाटीभर सोलकढी देऊन गेल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

प्रांजलला दादूकडे नेलं. तीन नव्या सायकली दारात उभ्या केलेल्या. तिने सगळ्यांभोवती एक फेरी मारली आणि निळीच्या सीटवर हात ठेवला.

"ही."

"गियर नाहीत हिला."

"ही."

"अगं, अठरा किलो वजन आहे!"

"ही उचलायची नाही ना पण."

दादू तोंडावर रुमाल धरून आत गेला. मी सात आठवडे जे केलं ते तिने चार मिनिटांत केलं. किंमत बेचाळीसच्या जवळपाससुद्धा नाही. मी कॅरियर लावायला सांगितला. ती कॅरियरवर बोट फिरवत राहिली.

"बाबा, कुठे ठेवायची?"

"घाटकोपरला. जिन्याखाली."

"आणि मी?"

"तूही. कायमची. शाळेतून सरळ घरी. मी आईशी बोललोय."

मला वाटलं होतं उडी मारेल. तिने माझा अंगठा धरला, लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"मग तू?"

"मी येईन ना. रविवारी."

"तुला चालेल?"

"चालेल," म्हणालो. सोळा वर्षांतला पहिला खोटा शेरा.

रविवार, २३ फेब्रुवारी

वाढदिवस. टेम्पो करता आला असता, पण भांडुपहून घाटकोपरपर्यंत सायकल चालत नेली. प्रांजल सीटवर, मी एक हात हँडलला आणि एक हात सीटला. रविवार सकाळ, रस्ता बराच मोकळा. कांजूरला ती म्हणाली, "सोड ना." फुटपाथ रुंद होता तिथे सोडलं. शंभरेक पावलं गेली असेल, मी मागे धावलो. विक्रोळीला नारळपाणी. तिथे मी मुद्दाम मलई काढून मागितली, मग दुसरा नारळ घेतला. ती म्हणाली, "बाबा, चल ना, नमिता वाट बघतेय." दोन तासांची वाट तीन तासांत केली. आणखी लांब असती तर बरं झालं असतं.

फाटकात शिरल्याबरोबर पोरांचा गलका झाला. नमिता मागे कॅरियरवर बसली, दोघी निघूनही गेल्या. उत्तरा खाली आली होती. म्हणाली, "वर ये, केक कापायचाय." वर गेलो. तिच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला. पूर्वी या घरात मी बिनदिक्कत आडवा व्हायचो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शेवटचा गुरुवार. प्रांजल शाळेतून हसत आली. दोन वेळा विचारलं, पोट? नाही म्हणाली. दोन वाट्या भात खाल्ला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मेला तो आनंद कुठेतरी टोचत राहतो.

मंगळवार, ४ मार्च

सह्या झाल्या. दर रविवारी दहा ते सहा. गणपतीत आठ दिवस माझ्याबरोबर गावी, हे उत्तराने स्वतःहून लिहायला लावलं. मी आभार मानले नाहीत, मानायला हवे होते. कौन्सेलर बाईंनी विचारलं, लिहिता का? म्हटलं, लिहितो. त्यांनी विचारलं, फायदा झाला? म्हटलं, मुलीचा झाला.

गुरुवार, ६ मार्च

चार वाजता सवयीने टेबल आवरलं. मग परत मांडलं आणि सातपर्यंत बसलो. निलेश विचारत होता, आज घाई नाही? त्याला सांगितलं, नाही.

रविवार, ९ मार्च

दहाला पाच मिनिटं कमी असताना घाटकोपरला पोचलो. वॉचमनने फाटकात अडवलं. "साहेब, एंट्री." आजवर कधी अडवलं नव्हतं, कारण आजवर प्रांजल माझ्याबरोबर असायची, तिला सोडायला यायचो. मी एकटा असा पहिल्यांदाच आलो. त्याने वही पुढे केली. नाव, कुठून आलात, कोणाकडे, काम.

नाव लिहिलं. मुलुंड लिहिलं. कोणाकडे, तिथे प्रांजल लिहिलं.

एवढ्यात ती आली, निळ्या सायकलवर, मागे नमिता. ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकवला. वॉचमन तिला म्हणाला, "पाहुणे आहेत का तुमच्याकडचे?"

"पाहुणे नाही हो, माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "ते रविवारी येतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, एक राऊंड मारून येते हां, पटकन. थांबशील ना?"

"जा. सावकाश ये."

ती गेली. इमारतीच्या कोपऱ्यावरून वळताना एक हात सोडून तिने मला टाटा केला, मी ओरडणारच होतो की दोन्ही हात धर. शेवटचा रकाना राहिला होता. काम.  माझ्यामागे भाजीवाला आणि एक कुरियरवाला खोळंबले होते, वॉचमन पेन परत मागत होता. मी 'रविवार' लिहिलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.